साधनाताई आमटे : न मोजलेल्या श्रमांचे स्मरण



साधनाताई आमटे दीर्घ आजारानंतर ९ जुलै २०११ रोजी गेल्या, तेव्हा त्यांच्या वयाची पंच्याऐंशी वर्षे पुरी झाली होती. त्यांच्याविषयी बोलताना मराठी समाजात तीन शब्द ठरलेले आहेत : त्यागमूर्ती, सेवामूर्ती आणि सहधर्मचारिणी. हे शब्द मनापासून उच्चारले जातात, यात शंका नाही. परंतु मूर्तीला पहाटे उठून चूल पेटवावी लागत नाही, मूर्तीची कंबर दुखत नाही, आणि मूर्तीला कधी कोणी विचारीत नाही की, बाई, तुझे स्वतःचे मत काय होते? श्रमाला मूल्य मिळाले पाहिजे असे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्या समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी साधनाताईंचे स्मरण श्रमाच्या भाषेत केले पाहिजे.

नागपूरच्या घुले शास्त्र्यांचे घर वेदविद्येचे, सोवळ्या-ओवळ्याचे. त्या घरची मुलगी इंदू. लग्नघराची गडबड चाललेली असताना ही मुलगी पाहुण्यांतून हळूच बाजूला होऊन एका म्हाताऱ्या मोलकरणीला तिच्या कामात हात देत होती, हे मुरलीधर देवीदास आमटे या दाढी वाढवलेल्या, संन्यस्त वृत्तीच्या वकिलाने पाहिले आणि हिच्याशीच लग्न करावयाचे असे ठरविले. ही आख्यायिका बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र ती सांगितली जाते ती बाबांच्या गुणग्राहकतेची गोष्ट म्हणून. वस्तुतः ती इंदूची गोष्ट आहे. बाबा तिच्या आयुष्यात येण्यापूर्वीच कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे तिने ठरविलेले होते. १८ डिसेंबर १९४६ रोजी लग्न झाले आणि इंदूची साधना झाली. चालीप्रमाणे नाव बदलले. स्वभाव मात्र माहेरूनच आला होता.

पुढे वरोऱ्याला श्रमाश्रमाचा प्रयोग झाला. निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र राहू लागली. शास्त्र्याच्या मुलीला त्या काळात हा संसार सोपा गेला असेल, असे मानण्याचे कारण नाही. बाबांनी मूर्तिपूजा मानली नाही, ताईंनी आपला देव सोडला नाही, आणि दोघांचा संसार एकसष्ट वर्षे चालला. पुरोगामी घरांतून पत्नीच्या श्रद्धेची किती सहज थट्टा होते, हे येथे बसलेल्यांना निराळे सांगावयास नको.

१९४९ साली बाबा कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. तेथे संशोधनासाठी त्यांनी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. या धैर्याची नोंद इतिहासाने घेतली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु देह बाबांचा असला तरी धोका एकट्या त्या देहाचा नव्हता. घरी दोन तान्ही मुले होती आणि त्यांची आई होती. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही माणसे भीत होती, असा तो काळ. अशा वेळी पत्नी 'नाही' म्हणाली असती तर कोणीही तिला दोष दिला नसता. ताईंनी नाही म्हटले नाही. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा राजकीय निर्णय होता, आणि त्याची गणना मात्र पातिव्रत्यात झाली.

जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झाले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढे भांडवल. बरोबर चार वर्षांच्या आतली दोन मुले, विकास आणि प्रकाश. विंचू, साप आणि श्वापदे यांच्या त्या रानात विहीर खोदणाऱ्यांना दोन वेळा जेवू कोणी घातले? गाय कोणी पाहिली? तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या उशाशी रात्री कोण बसले? ही कामे ज्या वहीत लिहावीत ती वही कधी उघडलीच गेली नाही.

कुष्ठरोगाच्या शुश्रूषेचे स्वरूप समजून घेतले, म्हणजे या कामाचे वजन कळते. हा रोग मज्जातंतूंवर घाला घालतो. हातापायांची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी हात मागे येत नाही. त्या जखमा चिघळतात आणि बोटे झडतात. डॅप्सोनसारख्या गोळ्यांनी जंतू मरतात, १९८१ नंतरच्या बहुऔषधी उपचाराने तर रोग निश्चित बरा होऊ लागला. परंतु गेलेली संवेदना कोणत्याही गोळीने पुरती परत येत नाही. म्हणून पाय रोज धुवावा लागतो, रोज तपासावा लागतो, पट्टी रोज बदलावी लागते. औषधाचा शोध एकदाच लागतो. शुश्रूषा मात्र रोज सकाळी नव्याने सुरू करावी लागते. पहिल्या कामाला शास्त्र म्हणतात, दुसऱ्याला माया.

आणि घरातही एक रुग्ण होताच. मणक्याच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेतही ते पडून प्रवास करीत होते, हे पुष्कळांना आठवत असेल. १९९० साली बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहावयास गेले, तेव्हा साठी ओलांडलेल्या ताई आनंदवनाची उभी केलेली घडी मागे ठेवून पुन्हा एका झोपडीत संसार मांडावयास त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'समिधा' आहे. समिधा म्हणजे होमात जळण्यासाठी दिलेले काष्ठ. या नावात धन्यता किती आणि हिशेब किती, हे ज्याचे त्याने वाचून ठरवावे.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते ज्या घरांतून निघाले, त्यांतील कित्येक घरे पत्नीच्या शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या पगारावर चालली. कार्यकर्ता तुरुंगात असो वा दौऱ्यावर, सासू-सासऱ्यांचे दुखणे आणि मुलांची फी तिच्याकडे. पक्षाच्या इतिहासात तिचे नाव बहुधा अर्पणपत्रिकेत सापडते. शासनानेही हेच शिकून घेतले आहे. १९७५ पासून अंगणवाडी चालविणाऱ्या बाईला 'सेविका' म्हटले गेले आणि तिला 'वेतन' न देता 'मानधन' देण्यात आले. २००५ नंतरच्या 'आशा' स्वयंसेविकेची तीच गत. शब्द गौरवाचा, रक्कम तुटपुंजी! अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे, एवढे मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. आणि पती वा पत्नीचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले ते २०१९ साली. आनंदवनात रोगमुक्तांचे संसार उभे राहिले, त्यानंतर कित्येक दशकांनी.

१९८५ चा मॅगसेसे पुरस्कार बाबा आमटे या एका नावाने दिला गेला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्याच वर्षी हेमलकशाच्या कामासाठी पुन्हा मॅगसेसे आला, आणि या वेळी मानपत्रावर दोन नावे होती : डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे. साधनाताईंनी ते पाहिले.