एका मोडलेल्या पायाचा हिशेब

(पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या संयुक्त मेळाव्यात, जिल्हा परिषद शाळेच्या एका मुख्याध्यापिकेने केलेले भाषण.)



‘आजारपण आणि कर्तव्य’ असा भारदस्त विषय मला देण्यात आला आहे. त्यावर पांडित्य सांगण्याचा माझा अधिकार नाही. माझा पाय मोडला होता, तेवढेच सांगते.

१२ ऑगस्ट २०२३, अधिक श्रावणातील शनिवार. स्वातंत्र्यदिनाची तयारी चालू होती. शाळेच्या मागील पायरीवरच्या शेवाळावरून मी घसरले आणि उजव्या नडगीचे हाड मोडले. जमलेल्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हाडवैद्याकडे नेण्याचा फार आग्रह धरला. माझ्या सहशिक्षकांनी तो मानला नाही, हे माझे भाग्य. कामट्या लावून आवळून बांधलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. हे ग्रामसभेत एकदा तरी बोलले गेले पाहिजे. रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढून मांडीपर्यंत प्लास्टर घातले. नडगीच्या पुढच्या बाजूस मांस नसते, कातडीखाली लगेच हाड. त्यामुळे ते सावकाश जुळते. तीन-चार महिने लागतील, आणि सांगेपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

माझी रजा शिल्लक होती. अर्धवेतनी रजा दुप्पट खर्ची टाकून पूर्ण वेतनाची परिवर्तित रजा मिळते, तशी ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळाली. रोजंदारीवर ऊस तोडणाऱ्या बाईचा पाय मोडला तर तिला कोणती रजा? माझी गोष्ट ऐकताना हा फरक आपण ध्यानात ठेवावा.

रजा शाळेची होती; स्वयंपाकघराची रजा मंजूर करणारा अधिकारी अद्याप नेमला गेलेला नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या, यजमान नोकरीनिमित्त सकाळी सातला घराबाहेर, मुलगी दहावीत. शिवाय शाळेचा कार्यभार मी कागदावर सोपविला, मनाने सोपविला नाही. पोषण आहाराच्या धान्यकोठीची किल्ली माझ्या उशाशी, ऑनलाइन माहिती भरण्याचा परवलीचा शब्द माझ्या डोक्यात. पाय उशांवर उंच ठेवून मी दिवसभर दूरध्वनीवर शाळा चालवीत होते. दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या सहशिक्षकांना माझी मदत किती आणि अडथळा किती, याचा विचार मी केला नव्हता. लोक म्हणत, “बाई, कमाल आहे तुमची!” मला ते ऐकायला बरे वाटे.

ही कमाल एकेचाळिसाव्या दिवशी उतरली. २२ सप्टेंबरला गौरीपूजन होते. सासूबाईंना पुरण वाटवेना, घरी सवाष्ण जेवायला यायची होती. मी कुबड्या भिंतीला टेकवून ओट्यापाशी उभी राहिले आणि तीन तास उभी होते. भार डाव्याच पायावर आहे अशी माझी समजूत होती. संध्याकाळी प्लास्टरमध्ये पाय ठणकू लागला, बोटे सुजली. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात जुळू पाहणारे हाड किंचित सरकलेले दिसले. प्लास्टर नव्याने घातले गेले आणि मुदत चार आठवड्यांनी वाढली. पुरण मात्र चांगले झाले होते, असे सर्वांनी सांगितले.

त्या रात्री मी किल्ली आणि परवलीचा शब्द सहशिक्षकांकडे पाठवून दिला. धान्याच्या साठ्याची नोंद कशी ठेवायची, कोणते पत्रक कोणत्या तारखेला जाते, हे दोन पानांवर लिहून दिले. दूरध्वनी रोज सायंकाळी पाच वाजता, एकदाच. घरी यजमानांनी पोळ्या लाटायला घेतल्या. त्यांचा आकार कोणत्याही भूमितीत बसणारा नव्हता, पण आठवड्यात गाडी रुळावर आली. भाजी चिरणे, मुलीचा अभ्यास, घरखर्चाची वही ही बसून होणारी कामे माझी. स्वयंपाकघरात ओट्याऐवजी टेबल आणि खुर्ची आली. हे सारे पहिल्या आठवड्यात करता आले असते.

कुबड्यांविषयीही थोडे सांगते, कारण त्या घेताना बहुतेकांना कोणी शिकवीत नाही. भार काखेत घ्यायचा नसतो, तळहातांवर घ्यायचा. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे, नाहीतर काखेतील शिरा दबून हात बधिर होतो. पायरी चढताना धडका पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी.

आणखी एक गोष्ट, जी सभेत बोलण्याची रीत नाही. शौचास जाताना प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागे, म्हणून मी पाणी पिणे कमी केले. दिवसाला दोन-तीन पेल्यांवर आले. डॉक्टरांनी रागे भरल्यावरच मी हे कबूल केले. मग कमोडची खुर्ची आणली, भिंतीला धरायला दांडा ठोकला, आणि मी पुन्हा पाणी पिऊ लागले.

४ डिसेंबर २०२३ रोजी मी एका कुबडीवर शाळेत रुजू झाले. आदल्याच दिवशी जागतिक दिव्यांग दिन होऊन गेला होता. आमच्या शाळेचा व्हरांडा अंगणापासून दोन फूट उंच आहे आणि शेजारी सिमेंटचा उतार आहे. त्या उतारावर मी तीन पावले चढले आणि मागे सरकू लागले. मुलांनी मला धरले. दरवर्षीच्या माहितीपत्रकात ‘रॅम्प: आहे’ असे मी स्वतःच्या सहीने लिहीत आले होते.

दुपारी फीत लावली. उतार आठ फूट लांबीचा निघाला. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे दोन फूट चढण्यासाठी चोवीस फूट लांबी हवी.

आमच्या तिसरीत एक मुलगा आहे. जन्मापासून त्याच्या पायांत बळ कमी. त्याचे मित्र त्याला उचलून वर्गात आणीत, आणि पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवीत असू. त्या दिवशी मी त्याला विचारले, “तू शाळेत पाणी का पीत नाहीस रे?” तो म्हणाला, “मग खाली जावं लागतं, बाई.” दोन वर्षे तो माझ्यासमोर बसत होता. मला ते समजण्यासाठी माझे हाड मोडावे लागले.

शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला. ग्रामपंचायतीने स्वनिधीपैकी ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, तीतून सरपंचांनी पैसे दिले. अंगण अपुरे, म्हणून उतार मधोमध वळवून घेतला. वळणावर सपाट जागा ठेवली, दोन्ही बाजूंस कठडे बसविले. शौचालयाचा उंबरा काढला. मागच्या पायरीवरचे शेवाळ आता दर पावसाळ्यात घासले जाते.

मुलगा स्वतः खाली जातो. त्याला वेळ लागतो, आणि घंटा झाल्यावर तो सर्वांच्या मागून वर्गात येतो. कधी कधी तो मुद्दाम उशीर करतो, असा माझा संशय आहे.

सभापती महोदय, या सभागृहाच्या बाहेरही एक उतार आहे. येताना मी तो चढले नाही, पायऱ्यांनी आले. फीत माझ्या पिशवीत आहे. चहानंतर ज्यांना सवड असेल त्यांनी पाच मिनिटे माझ्याबरोबर बाहेर यावे, इतकी विनंती करते आणि थांबते.