जर्मन शिकायला इंग्रजी यावंच लागतं का?



गटाच्या बैठकीत हल्ली कर्ज मागताना एक नवीन कारण ऐकू येतं : लेकीच्या जर्मनच्या क्लासची फी. कुणाची मुलगी नर्सिंग झालेली असते, तिला तिकडच्या रुग्णालयात जायचं असतं. कुणाचं लग्न ठरलेलं असतं आणि नवरा तिकडे नोकरीला असतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून विचारपूस वाढली आहे. आणि आईचा प्रश्न ठरलेला, "ताई, हिला इंग्रजीच धड येत नाही, जर्मन कसं जमायचं?"

इंग्रजीची काळजी सोडा. इथे आपली मराठी जास्त कामाला येते.

इंग्रजीत खुर्ची असो की पुस्तक, सगळ्यांच्या आधी एकच 'द'. जर्मनमध्ये तीन शब्द आहेत : डेअर, डी, दास. म्हणजे आपलं तो, ती, ते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त प्रत्येक वस्तूचं लिंग जुळेलच असं नाही. चमचा तिकडेही 'तो', पण काटा 'ती' आणि सुरी 'ते'. म्हणून नुसता शब्द पाठ करायचा नाही, डेअर-डी-दास लावूनच करायचा. तिथे मुलीला, मेडशेनला, 'ते' म्हणतात. हसू नका, आपल्याकडेही काही भागांत लाडक्या लेकीबद्दल "आलं का गं शाळेतनं?" असंच विचारतात.

वाक्याचंही तसंच. 'वाइल इश क्रांक बिन' म्हणजे शब्दाला शब्द 'कारण मी आजारी आहे'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. साध्या वाक्यात मात्र ते पुढे सरकतं : 'इश बिन क्रांक', मी आहे आजारी. मोठ्या माणसाला आपण 'अहो' म्हणतो, तसं तिथे 'झी'. घरच्यांना आणि मैत्रिणींना 'डू'. आकडेही आपल्याच रीतीनं बोलतात. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस मागून. तेही 'एक आणि वीस' म्हणतात.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहायचं. 'हाल्ब त्सेन' म्हणजे शब्दशः अर्धे दहा. ऐकणारीला वाटतं साडेदहा, पण ते असतात साडेनऊ! दहाव्या तासातला अर्धा झालेला, असा त्यांचा हिशेब. आपलं 'अडीच' असंच आहे, तिसऱ्यातला अर्धा. हे चुकलं तर डॉक्टरांकडची ठरलेली वेळ जाते, आणि तिथे वेळ मिळायला पुष्कळदा कित्येक दिवस थांबावं लागतं.

आता परीक्षेचं. ए १ पासून सी २ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. नवऱ्यामागे जाणाऱ्या बायकोला बहुतेक वेळा निघण्यापूर्वी ए १ लागतं. नवऱ्याच्या व्हिसाच्या प्रकारानुसार काहींना सूट असते. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी २ पर्यंत जावं लागतं. क्लासनं दिलेलं प्रमाणपत्र वेगळं आणि मान्य परीक्षेचं वेगळं. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात गोएथे संस्थेची परीक्षा होते. फीचे पैसे मोजण्याआधी क्लासवाल्याला विचारा, "शेवटी परीक्षा कोण घेणार?" उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

ए १ मिळालं की भाषा आली असं समजू नका. खरी गरज तिकडे गेल्यावर लागते. नवरा दिवसभर कामावर. कचेऱ्यांची, विम्याची, शाळेची पत्रं टपालानं येतात, तीही जर्मनमध्ये, आणि त्यांत उत्तराची शेवटची तारीख असते. आपण गटात ठराव वाचल्याशिवाय सही करत नाही. आणि तिकडे गेलेली आपली लेक नवरा बोट दाखवेल तिथे सही करणार? अंगावरून जास्त जातंय, हे डॉक्टरला नवऱ्याच्या तोंडून सांगणार? काही घरांत तर शाळेत जाणारं लेकरू आईचा दुभाषा होतं. ते मला बिलकूल पटत नाही. आईचं दुखणं सांगायचं ओझं पोरावर कशाला?

तिकडे नवीन आलेल्यांसाठी सरकारी अभ्यासक्रम आहे. त्यात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची, कायद्याची ओळख; एक तास ४५ मिनिटांचा. पुष्कळ गावांत 'फोक्सहोखशूले' असते, म्हणजे मोठ्या माणसांची शाळा. तिथे हे वर्ग चालतात. लेक गेल्यावर फोनवर "जेवलीस का?" विचाराल तेव्हा "वर्गात नाव घातलंस का?" हेही विचारा. घर लागल्यावर बघू, बाळ मोठं झाल्यावर बघू, असं म्हणता म्हणता वर्षं जातात. मराठी मंडळात जावं, सणवार करावेत, पण दुकानात, बसमध्ये मोडकंतोडकं जर्मनच बोलावं. समोरचा इंग्रजीत वळला तर म्हणावं, 'बिट्टे, डॉइच.' भरभर बोलला तर 'बिट्टे लांगझाम', कृपया हळू.

तिच्या वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून द्या. 'इश फेरश्टेए निश्ट', मला समजलं नाही. 'इश ब्राउखे हिल्फे', मला मदत हवी. रुग्णवाहिकेसाठी ११२, आपल्याकडचाच आकडा. पोलिसांसाठी ११०. आणि घरात मारहाण, छळ होत असेल तर ११६०१६. हा खास बायकांसाठीचा फोन आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, आणि जर्मन येत नसेल तर इतर अनेक भाषांतही बोलता येतं. हा नंबर तिच्या फोनमध्ये निघण्याआधीच घालून ठेवा.