उघड्यावरची मैफल आणि विजेची वाद्ये

ऊन वाढले की तबल्याची पुडी ताणली जाते आणि सूर चढतो. पावसाळी हवेत तोच सूर उतरतो. ही गोष्ट तबलजीला कोणी शिकवावी लागत नाही. हातोडी जवळ ठेवूनच तो बैठकीला बसतो आणि गट्टे ठोकून सूर जागेवर आणतो. तंबोऱ्याचा भोपळा उन्हात राहू नये म्हणून गवई त्याला गवसणीत जपतो. कातडे, लाकूड आणि तार यांचा स्वभाव बोलका आहे. त्यांना त्रास झाला की ती बेसूर होऊन तक्रार करतात. आजच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे तसे नाही. ती बहुधा अखेरपर्यंत सुरात वाजतात आणि मग ऐन रंगात एकाएकी मुकी होतात.

ही वाद्ये आता सर्वत्र झाली आहेत. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि प्रवासी गवयाचे मोठे ओझे हलके झाले. पेटीच्या जागी कीबोर्ड आला, ढोलकीच्या जोडीला तालयंत्र आले, आणि या सर्वांच्या मागे मिक्सर व ॲम्प्लिफायर हे सोबती अपरिहार्य झाले. भजनी मंडळ असो, लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो किंवा गुड फ्रायडेच्या दिवशी देवळाच्या आवारात भक्तिगीते म्हणणारे गायकवृंद असोत, या यंत्रांवाचून कोणाचेच चालत नाही. मात्र वाद्य बदलले, त्याबरोबर त्याची निगा राखण्याची रीत बदलली नाही.

हैदराबादचेच उदाहरण घेऊ. हे शहर दख्खनच्या खडकाळ पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. वैशाखात येथे पारा चाळीस अंशांच्या आसपास घुटमळतो. २ जून १९६६ रोजी तर तो ४५.५ अंशांवर गेला होता. पंडित जसराज यांनी आपले वडील पंडित मोतीराम यांच्या स्मरणार्थ १९७२ पासून या शहरात सुरू केलेला संगीत समारोह नोव्हेंबरच्या अखेरीस होत आला आहे, कारण मोतीरामजींचे निधन १९३४ साली त्याच सुमारास येथे झाले. त्या गुलाबी थंडीत यंत्रांना काही भय नसते. परंतु लग्नाचे मुहूर्त, रामनवमीची मिरवणूक किंवा गुड फ्रायडे हे हवा पाहून येत नाहीत. ते चैत्र-वैशाखाच्या उन्हातच येतात.

येथे कोणी म्हणेल की, कार्यक्रम तर सायंकाळी सात वाजता असतो. मग उन्हाची एवढी काळजी कशाला? पण श्रोते सातला येतात, यंत्रे दुपारी दोनलाच मांडली जातात. तारा जोडायच्या, ध्वनिक्षेपक बसवायचे, आवाज तपासायचा, या सर्व खटाटोपात काळ्या रंगाचे कीबोर्ड आणि मिक्सर चार-चार तास उघड्या व्यासपीठावर पडून असतात. काळा रंग उष्णता शोषून घेतो. थोड्याच वेळात त्या पत्र्यावर हात ठेववत नाही. श्रोते येऊन बसतात तोवर इजा होऊन गेलेली असते.

यंत्राला उष्णता दोन बाजूंनी छळते. एक बाहेरची, सूर्याची. दुसरी त्याची स्वतःची. ॲम्प्लिफायर जेवढी वीज घेतो तिचा काही भाग आवाजात न जाता उष्णतेत जातो, आणि ती उष्णता भोवतालच्या हवेत सोडून देणे हाच त्याचा एक उपाय असतो. भोवतालची हवाच तापलेली असली, तर ही उष्णता जावी कोठे? मग अनेक ॲम्प्लिफायर स्वतःच्या रक्षणासाठी आपण होऊन बंद पडतात. आतल्या छोट्या डबीसारख्या कंडेन्सरांमध्ये द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांपलीकडे चार्ज करू नये, असे सामान्यतः सांगितले जाते. अनेक कीबोर्डांच्या माहितीपुस्तकात तर चाळीस अंशांचीच मर्यादा छापलेली असते, आणि हैदराबादची भर उन्हाळ्यातील सावलीसुद्धा ती मर्यादा ओलांडते.

जुन्या सिंथेसायझरांची गोष्ट आणखी नाजूक होती. रॉबर्ट मूग यांचे मिनीमूग हे वाद्य १९७० साली आले. त्यातील सूर ट्रान्झिस्टरच्या विद्युद्दाबावर अवलंबून असे, आणि सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधील हा दाब दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. फरक दिसायला किरकोळ, पण कानाला जाणवण्याजोगा. म्हणून एकाची चूक दुसऱ्याने सावरावी अशा रीतीने ट्रान्झिस्टर जोडीने बसवावे लागत, आणि वादक वाद्य आधी बराच वेळ चालू ठेवून मगच सूर जुळवीत. आजची अंकीय वाद्ये या दोषातून मुक्त झाली, परंतु उन्हातून मुक्त झाली नाहीत.

यावर उपाय काय? तो हवामानखात्याच्या वेधशाळेतच पाहावयास मिळतो. शहराचे म्हणून जे तापमान वर्तमानपत्रांत येते, ते उन्हात मोजलेले नसते. तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तिला दुहेरी छप्पर असते, चारी बाजूंना झिलमिली असतात, आणि ती जमिनीपासून माणसाच्या छातीइतकी उंच उभी असते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील, दीपस्तंभ बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही पेटी योजली. पांढरा रंग, सावली, खेळती हवा आणि तापलेल्या जमिनीपासून अंतर, या चार गोष्टींत तिचे सारे मर्म आहे.

विजेच्या वाद्याला नेमके हेच चार उपचार हवेत. व्यासपीठावर मांडव आधी घालावा, यंत्रे मागाहून मांडावीत. मांडव पश्चिमेकडूनही झाकावा, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन छपराखालून आत शिरते. वाद्यावर पांढरी सुती चादर ताणून धरावी, पण ती अंगाला चिकटू देऊ नये. प्लॅस्टिकचे कापड मुळीच घालू नये; त्याखाली हवा कोंडते. यंत्र चालू असताना त्याची झरोके असलेली बाजू कशानेही झाकू नये. ॲम्प्लिफायर फरशीवर किंवा सतरंजीवर न ठेवता लाकडी चौकटीवर ठेवावा आणि एकावर एक रचू नये. जनरेटरचा गरम वारा यंत्रांकडे येणार नाही, अशी त्याची जागा निवडावी. दार बंद केलेल्या मोटारीत वाद्य ठेवून जेवायला जाऊ नये. गारवा यावा म्हणून ओली खस किंवा ओले फडके यंत्राजवळ लावणे हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार आहे; पाणी आणि वीज यांची मैत्री कधीच होत नाही.

या उपचारांना खर्च थोडा आहे. विचार मात्र आधी करावा लागतो. तो कोणी करावा, हा खरा प्रश्न आहे. वाद्य बंद पडले की श्रोते वादकाकडे पाहतात, आणि दुरुस्तीचा खर्चही बहुधा त्याच्याच पदरी पडतो. अनेक वादकांनी ते कीबोर्ड हप्त्याने घेतलेले असते. एका रात्रीच्या बिदागीत त्याचा एक हप्ताही भागत नाही. उलट, कार्यक्रमाची वेळ, जागा आणि मांडव हे सर्व संयोजकांच्या हाती असते. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर छत पडते, हारतुऱ्यांवर पाणी शिंपडले जाते, आणि ज्यांच्या जोरावर सारा समारंभ उभा राहायचा त्या यंत्रांना सावली मात्र उरते ती ध्वनिक्षेपकाच्या मागे.

आणि यंत्र उन्हात असते तेव्हा त्याच्या तारा जोडणारा, त्याचा आवाज तपासणारा माणूसही त्याच उन्हात असतो. यंत्र तापून बंद पडते आणि थंड झाल्यावर पुष्कळदा पुन्हा सुरू होते. माणसाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. म्हणून बिदागी ठरवताना वादकाने व्यासपीठावरील सावलीही ठरवून घ्यावी, आणि संयोजकांनी ती न मागता द्यावी. पाण्याचा एक माठ तिथेच, पण यंत्रांपासून दूर ठेवला, म्हणजे व्यवस्था पुरी झाली.