जो पीत नाही, त्याचेही पैसे
(रेडिओवरील भाषण)



पनवेलमध्ये सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की हल्ली एक गोष्ट नेमानं ऐकू येते. ज्या घरांनी पूर्वी मुंबईहून गोव्याची क्रूझ केली, ती घरं आता सिंगापूरच्या क्रूझची चौकशी करतात. विमान ठरतं, व्हिसाचे कागद जमतात, बाल्कनीची केबिन घ्यायची की आतली, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. आणि मग एजंट शेवटचा प्रश्न विचारतो, “ड्रिंक पॅकेज टाकू का? आत्ता घेतलंत तर स्वस्त पडेल.” केबिनसाठी आठवडा घालवणारी माणसं या प्रश्नाला दोन मिनिटांत हो म्हणतात. या दोन मिनिटांत जाणारी रक्कम कित्येकदा एका माणसाच्या विमानाच्या तिकिटाएवढी असते. म्हणून आज त्याविषयी बोलायचं आहे.

मद्य घ्यावं की घेऊ नये, हा आजचा विषय नाही. तो ज्याचा त्यानं ठरवावा. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे माझं लक्ष जातं ते पैसे कोण भरतं आणि कशासाठी भरतं याकडे.

पेल्याचे पैसे वेगळे का, हे कळायला जरा मागं जाऊ. आपल्या किनाऱ्यावरचा बोटीचा प्रवास जुना आहे. घाटातून रेल्वे जायच्या आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून पुढं बोरघाट चढायचा. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटी तर आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहेत. त्या तिकिटात फक्त जागा मिळायची. भाकरी, पाण्याचा तांब्या, वळकटी, सगळं घरून. आजच्या क्रूझच्या तिकिटात खोली येते, तीन वेळचं जेवण येतं, नाटक-गाणं येतं, पोहण्याचा तलाव येतो. बाहेर राहतो तो मुख्यतः पेला. हे मुद्दाम केलेलं आहे. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि माणूस जहाजावर चढल्यावर त्याच्याकडून कमवायचं, अशी या धंद्याची रीत आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा तिकिटाखेरीजच्या अशा जहाजावरच्या खर्चातून येतो. बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, हे सगळं त्यात आलं.

मुंबईहून क्रूझ सुरू करण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत बरेच झाले. २०१६च्या डिसेंबरात इटलीच्या कोस्टा कंपनीचं जहाज मुंबईहून मालदीवला जाऊ लागलं. २०१८च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर आली. २०१९मध्ये ‘जलेश’ कंपनीचं ‘कर्णिका’ आलं आणि करोनानं ते पर्व संपलं. मग २०२१च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघालं. हे जहाज १९९०मध्ये बांधलेलं, आणि ते मुळात रॉयल कॅरेबियन या कंपनीचं. म्हणजे पनवेलचं एखादं कुटुंब गोव्याला ‘एम्प्रेस’नं जाऊन आलं आणि पुढच्या वर्षी सिंगापूरहून रॉयल कॅरेबियनच्या जहाजावर चढलं, तर ते एका अर्थानं त्याच घराण्याच्या जहाजावर चढतं. नवं जहाज आकारानं तिप्पटीहून मोठं असेल, पण जिने, डेक, बफे, संध्याकाळचा कार्यक्रम यांची घडी ओळखीचीच वाटते. बदलतात ते नियम. आणि पेल्याचे नियम सर्वांत जास्त.

आता आकडे पाहू. ड्रिंक पॅकेज म्हणजे दिवसाला ठरलेली रक्कम आधी भरायची आणि मग पेल्यागणिक पैसे द्यायचे नाहीत. पॅकेजचा भाव जहाजागणिक आणि तारखेगणिक बदलतो, म्हणून मी उदाहरणापुरते आकडे धरते. समजा, मद्यासकट पॅकेज माणशी दिवसाला ७० डॉलरला आहे आणि एक कॉकटेल १४ डॉलरला. रॉयल कॅरेबियनवर या दोन्हींवर १८ टक्के सेवाशुल्क लागतं. म्हणजे पॅकेज पडतं ८२ डॉलर ६० सेंटना आणि कॉकटेल १६ डॉलर ५२ सेंटना. भागाकार सरळ आहे, पाच. दिवसाला पाच कॉकटेल घेतले, रोज घेतले, तर पैसे फिटले. सहाव्यापासून फायदा. बिअर घेणाऱ्याला हा आकडा आठ-नऊपर्यंत जातो, कारण बिअर स्वस्त असते.

आपल्या ओळखीत सुट्टीतसुद्धा रोज पाच-सहा पेले घेणारे किती जण आहेत? माझ्या ओळखीत फार थोडे. संध्याकाळी एक, जेवणाआधी फार तर दुसरा, एवढ्यावर समाधानी असणारी माणसं आपल्याकडे जास्त. अमर्यादित थाळीसारखंच हे आहे. दोन पोळ्या खाणाऱ्यानं ती घेतली तर शेजारच्या टेबलावरच्या खवय्याच्या जेवणाला त्याचा हातभार लागतो.

शिवाय दिवसाचा हिशेब आणखी एका ठिकाणी चुकतो. पॅकेज रात्रींच्या संख्येवर आकारतात. पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी चढता, तरी पैसे पूर्ण दिवसाचे. पेनांग किंवा फुकेतला जहाज थांबलं की सकाळी उतरून संध्याकाळी परतता, तरी पैसे पूर्ण दिवसाचे. बंदरं जास्त आणि भर समुद्रातले दिवस कमी असतील, तर पॅकेज आणखी महाग पडतं.

पण हा सगळा हिशेब एका माणसाचा झाला. खरी मेख पुढं आहे, आणि माझा जीव तिथं अडकतो.

रॉयल कॅरेबियन, कार्निव्हल, एमएससी अशा बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढ माणसानं मद्याचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या प्रत्येक प्रौढ माणसानं ते घ्यायचं. त्यामागं कारण आहे. एकानं घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं, असं होऊ नये म्हणून. पॅकेजचा पेला दुसऱ्याला देता येत नाही, दरवेळी कार्ड दाखवावं लागतं आणि वाटून पिताना आढळल्यास पॅकेज रद्द होतं. कंपनीच्या बाजूनं हे बरोबर असेल. पण आपल्या घरांत काय होतं ते पाहा. नवरा घेतो, बायको घेत नाही. कित्येक घरांत असंच आहे. तीन रात्रींच्या सहलीचे दोघांचे मिळून होतात ४९५ डॉलर ६० सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर बेचाळीस हजारांच्या वर. त्याच नवऱ्यानं रोज दोन कॉकटेल पेल्यागणिक पैसे देऊन घेतले असते, तर तीन दिवसांचे झाले असते ९९ डॉलर १२ सेंट, म्हणजे साडेआठ हजारांच्या आत. मधले तेहतीस-चौतीस हजार रुपये कशाचे? बहुतेक तिच्या नावावर घेतलेल्या आणि तिनं कधीच न उचललेल्या पेल्यांचे.

तिला कुणी विचारत नाही, हे मला फार खटकतं. ती सुट्टीवर आलेली असते. तिला कदाचित बंदरावर उतरून एक चांगली सहल घ्यायची असते, किंवा जहाजावरच्या स्पामध्ये एक दुपार घालवायची असते. त्याच पैशांत ते सहज झालं असतं. “एवढं महाग कशाला?” असं ती त्या सहलीबद्दल म्हणते आणि घरी राहिल्यासारखी डेकवर बसून राहते. मद्याच्या पॅकेजला मात्र कुणी महाग म्हणत नाही, कारण ते बुकिंगच्या रकमेत मिसळून गेलेलं असतं.

मुलांचंही असंच. सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरेबियनच्या जहाजांवर मद्यासाठी १८ वर्षांची अट आहे. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर २१. आपल्या महाराष्ट्रात तर बिअर आणि वाइनला २१ आणि कडक मद्याला २५. आता तुमचा एकोणीस वर्षांचा, अकरावी-बारावीचं दप्तर नुकतंच टाकलेला मुलगा तुमच्याच केबिनमध्ये झोपणार असेल, तर सिंगापूरहून निघताना केबिनच्या नियमापुरता तो प्रौढ धरला जातो. म्हणजे वडिलांच्या दोन पेल्यांसाठी मुलाच्या नावावरही मद्याचं पॅकेज. हे ज्यांना कळलं त्यांनी बहुतेक कपाळाला हात लावला असेल. बुकिंगच्या वेळी एजंटला हा एक प्रश्न जरूर विचारा: “आमच्या केबिनमधले कोण कोण यात मोजले जाणार?”

यावर काही जण एक वाट काढतात. दोन जोडपी असली की कागदावर दोन्ही पुरुष एका केबिनमध्ये आणि दोन्ही बायका दुसरीत दाखवायच्या, म्हणजे पॅकेज पुरुषांनाच घ्यावं लागतं. मला ही वाट पसंत नाही. संकटाच्या वेळी कुणी कुठं जमायचं, हे जहाजावर केबिनच्या यादीवरून ठरलेलं असतं. पेल्याच्या पैशांसाठी त्या यादीशी खेळू नये. त्यापेक्षा सरळ विचारावं. वैद्यकीय कारण असेल, गर्भारपण असेल, तर काही कंपन्या मद्य न घेणाऱ्या जोडीदाराला बिनमद्याचं, कमी भावाचं पॅकेज चालवून घेतात. ही सवलत जाहिरातीत दिसत नाही. फोन करून किंवा एजंटकरवी मागावी लागते.

बिनमद्याच्या पॅकेजचा विचार मात्र मोकळेपणानं करावा. त्यात मॉकटेल, ताजा रस, मशीनची कॉफी, बाटलीबंद पाणी, शीतपेयं असतात. दिवसभर तलावापाशी असणाऱ्या लहान मुलांना ते लाभतं. मधुमेह असलेल्यांनी मॉकटेलपासून जपून राहावं, त्यात साखर फार असते. आणि पॅकेज घेण्याआधी फुकट काय मिळतं ते पाहावं. साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबाचं सरबत, सकाळचा रस, हे बहुतेक जहाजांवर जेवणाच्या दालनात तिकिटातच असतं. फक्त चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी, याची तयारी ठेवा. आपल्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या जहाजाचं स्वयंपाकघर भारतीय माणूस डोळ्यांपुढं ठेवून चालतं, जैन जेवणाची वेगळी सोय असते. परदेशी जहाजावर उकळलेला चहा मिळेलच असं नाही, आणि पॅकेज घेतल्यानं तो मिळत नाही.

सगळ्याच कंपन्या एकसारख्या नाहीत, आणि म्हणूनच वेगळी कंपनी करून पाहण्यात अर्थ आहे. व्हर्जिन व्हॉयेजेस सुरुवातीला पॅकेज विकतच नसे. साधी शीतपेयं आणि पाणी तिकिटात, बाकी पेल्यागणिक. वायकिंगच्या सागरी जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि वाइन तिकिटात येते. सिल्व्हरसी, सीबोर्न यांसारख्या महागड्या जहाजांवर सगळंच तिकिटात. कार्निव्हलच्या पॅकेजात दिवसाला मद्याचे १५ पेले ही मर्यादा आहे. ती ऐकून कुणी तिथवर पोचायचं ठरवू नये, एवढं मी कळकळीनं सांगते. रॉयल कॅरेबियनवर प्रत्येक पेल्याच्या किमतीला मर्यादा असते, त्यावरचं पेय मागितलं की फरक भरावा लागतो. नॉर्वेजियन लाइनची पॅकेजं ‘मोफत’ म्हणून बऱ्याचदा मिळतात, पण त्यावरचं सेवाशुल्क भरावंच लागतं, आणि ते थोडं नसतं.

न्यू जर्सीत मुलाकडे उन्हाळ्यात जाणारे पनवेलचे पालक आता पुष्कळ आहेत. बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडाला जाणाऱ्या जहाजावर मुलगा आईवडिलांना हौसेनं नेतो, आणि हौसेनंच सगळ्यांचं पॅकेज भरून टाकतो. आईवडिलांनी त्याला आधीच सांगावं, बाळा, आमच्या केबिनचं नको. हे सांगण्यात संकोच कशाला? मुलाचा पैसा वाचतो आणि त्याचा आनंद काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पॅकेज घेतलं नाही म्हणून जहाजावरच्या माणसांची टीप टाळू नये. जगभरच्या क्रूझवर आपली माणसं राबतात. गोव्याची कितीतरी घरं तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, कमाईवर उभी राहिली, आणि आपल्या रायगडातलीही काही मुलं या नोकऱ्यांत आहेत. सहा-सहा, नऊ-नऊ महिने ही माणसं घरापासून दूर असतात आणि त्यांच्या मिळकतीत सेवाशुल्काचा मोठा भाग असतो. रोजचं सेवाशुल्क काढून टाका म्हणून काउंटरवर रांग लावणारे प्रवासी असतात. तसं करू नये.

शेवटी खरेदीच्या वेळेविषयी. ज्यांच्या घरी खरोखर दोघंही घेतात आणि हिशेब बसतो, त्यांनी पॅकेज जहाजावर चढण्याआधीच घ्यावं. आधीचा भाव बहुधा जहाजावरच्या भावापेक्षा कमी असतो, आणि रॉयल कॅरेबियनसारख्या कंपनीत प्रवासाआधी ते रद्द करून, भाव उतरला तर पुन्हा कमी भावात घेता येतं. म्हणून अधूनमधून पाहत राहावं. ज्यांचा हिशेब बसत नाही त्यांनी चढल्यावर पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन आपल्या खात्यावर खर्चाची मर्यादा घालता येते का ते विचारावं, मुलांच्या कार्डांवर तर नक्कीच, आणि रोज रात्री बिल पाहून मगच झोपावं.