म्हातारपणातला संशय: आधी विचारा, कधीपासून?



"सुनेनं माझ्या पाटल्या लांबवल्या." "कामवाली रोज डब्यातली साखर नेते." "रात्री पलंगापाशी माणसं येऊन उभी राहतात, तुम्हाला कशी दिसत नाहीत?" घरातलं वडीलधारं माणूस असं बोलायला लागलं, की आपण आधी समजूत घालतो, मग चिडतो आणि शेवटी 'म्हातारचळ लागलाय' म्हणून सोडून देतो. हे सोडून देणं मला सगळ्यांत घातक वाटतं. नुसतं वय झालं म्हणून कुणाला भास होत नाहीत. त्यामागे काही ना काही कारण असतं, आणि पुष्कळदा ते उपचार करता येण्याजोगं असतं.

कारण शोधायचं तर पहिला प्रश्न एकच: हे कधीपासून सुरू झालं?

"परवापासून" असं उत्तर आलं, तर थांबू नका. काल-परवापर्यंत पेपर वाचणारे, हिशेब ठेवणारे आजोबा अचानक घरच्यांना ओळखेनासे झाले, हवेत हात मारू लागले, तिन्हीसांजेनंतर जास्तच बिथरू लागले, तर हा वेडाचा झटका नाही. जुनी माणसं 'वातात बरळतोय' म्हणत, तो हा प्रकार. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. मूळ बहुधा शरीरात असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, खुब्याचं ऑपरेशन, रोजची दारू एकाएकी बंद होणं. औषधंही कारण ठरतात. सर्दीसाठी सर्रास घेतली जाणारी क्लोरफेनिरामिन, कंपवातात दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू ठेवलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनी म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ उडू शकतो. आणखी एक गोष्ट घरचे हमखास चुकवतात. डिलिरियममधला प्रत्येक जण आरडाओरडा करत नाही. काही जण नुसते सुस्त, गप्प पडून राहतात, आणि घरच्यांना वाटतं की आराम चाललाय. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. अंगारा लावून किंवा घरातल्या झोपेच्या गोळ्या देऊन रात्र काढू नका.

"गेल्या काही महिन्यांपासून, हळूहळू" असं उत्तर असेल, तर विचार स्मृतिभ्रंशाचा करावा लागतो. 1901 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. आलॉइस आल्झायमर यांनी पुढे जिच्या मेंदूचा अभ्यास मांडला, तीच ही बाई. तिच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण म्हणून आल्झायमर यांनी नोंदवला तो नवऱ्याबद्दलचा संशय. म्हणजे विसराळूपणा नजरेत भरण्याआधीच संशय दारात उभा राहू शकतो. चोरीचा आळ कसा येतो, तेही पाहा. आजी पाटल्या 'सुरक्षित' म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवतात, ठेवल्याचं विसरतात, आणि कपाटात त्या नाहीत एवढंच समोर उरतं. मग नेल्या कुणी? जी दिवसभर जवळ वावरते, तिनंच. ज्या सुनेवर आळ येतो, तीच बहुधा सगळ्यांत जास्त सेवा करत असते.

आपल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीवरून साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळपास 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. गोव्यात 2001 च्या सुमारास झालेल्या अभ्यासात लोकांना ही लक्षणं नीट ओळखू येत होती, पण बरेच जण ती म्हातारपणाची म्हणत, किंवा मुलांनी माया केली नाही म्हणून असं झालं, असं धरून चालत. म्हणजे त्या सुनेवर दोनदा आरोप: एकदा सासूचा, एकदा गावाचा. त्याच गोव्यात पुढे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन सेवा करणाऱ्यांना आधार दिला, तेव्हा त्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं 2008 साली प्रसिद्ध झालं. हे काम प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

भासांचं आणि संशयाचं मूळ कधी डोळे आणि कान यांतही असतं. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली. मोतीबिंदूनं दृष्टी गेलेल्या या नव्वदीच्या घरातल्या गृहस्थांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. बुद्धी शाबूत होती आणि हे खरं नाही, हे त्यांना कळत होतं. आजही अंधुक दृष्टीच्या कितीतरी वृद्धांना असं दिसतं, आणि वेडे ठरू या भीतीनं ते कुणाला सांगत नाहीत. त्यांना आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. पण भासांसोबत चाल मंदावली असेल, हात कापत असतील, झोपेत हातपाय झाडले जात असतील, तर लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. अशा रुग्णाला भासांवरचं हॅलोपेरिडॉल हे औषध दिलं तर अंग ताठरून जिवावर बेतू शकतं. म्हणून ही लक्षणं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कान गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांमध्ये आणखी एक आजार दिसतो. स्मरणशक्ती ठीक, घर टापटीप, पण 'वरच्या मजल्यावरचे भिंतीतून विषारी वायू सोडतात' अशी ठाम खात्री. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू होणारा हा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार आहे. तरुणांच्या मानानं अगदी थोड्या मात्रेत औषध लागतं आणि पुष्कळांना उतार पडतो. श्रवणयंत्र बसवणंही मोलाचं.

"पहिल्यापासूनच तसे आहेत" हे तिसरं उत्तर. स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. व्यक्तिमत्त्वाचे विकार तरुणपणीच रुजलेले असतात. सत्तरीत नव्यानं उगवत नाहीत. पण झाकलेले मात्र राहतात. नवऱ्याचा संशयी, हेकट स्वभाव बायको चाळीस वर्षं सांभाळून घेते. ती गेली की मुलांना वडील 'अचानक बिघडले' असं वाटतं. इथं समुपदेशन, ठरलेला दिनक्रम आणि सगळ्या भावंडांचं एकमत यांचा उपयोग होतो. मात्र आयुष्यभर भिडस्त असलेला माणूस साठीनंतर उर्मट, बेफिकीर, निर्लज्ज वागू लागला, तर स्वभाव म्हणून सोडू नका. मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार असा सुरू होऊ शकतो.

घरात वागायचं कसं? वाद घालू नका आणि खोटी मानही डोलवू नका. "मला तिथं कुणी दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी बसते जवळ," एवढं पुरतं. पाटल्या त्यांच्याच सोबत शोधा. आणि आळ खोटाच आहे, असं गृहीत धरू नका. म्हाताऱ्यांना लुबाडणारी माणसं, घरातलीसुद्धा, या जगात आहेत. आधी खात्री करा.

स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये सायकोसिसच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच दिला आहे. म्हणून ती गरज असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी घ्यायची. डॉक्टरांनी लिहून दिली, की "किती दिवस?" हे विचारायला संकोचू नका.

जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, बोलणं विनामूल्य आहे. ज्येष्ठांसाठी 14567 आहे. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत भरून सोबत न्या.