‘आता वय झालं’ म्हणून सोडू नका

(वार्षिक मेळाव्यातील आरोग्य सत्रात दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो मंडळीच्या सभेत सहसा कुणी काढत नाही. विषय आहे म्हाताऱ्या माणसांच्या लघवीच्या त्रासाचा. वडीलधाऱ्यांसमोर आणि बहिणींसमोर हे कसे बोलावे, असा संकोच मलाही वाटतो. पण आदिवासी पाड्यांवर दवाखान्याचे काम करताना मी पाहत आलो आहे की, हा आजार बहुधा सहज आवरता येतो. जास्त नुकसान होते ते तो लपवून ठेवल्याने. म्हणून सरळच बोलतो.

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती मोठ्या आवळ्याएवढी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. वयाच्या 60 वर्षांपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, आणि 80 च्या पुढे दहापैकी आठ-नऊ जणांत. केस पिकतात तसेच हे आहे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही.

सगळ्यांना त्रास होतो असेही नाही. ग्रंथी किती वाढली यापेक्षा तिचा नळीवर किती दाब पडतो, याला महत्त्व आहे. शेतातल्या रबरी पाइपावर कुणी पाय ठेवला तर पाणी जसे येईल, तसेच इथे होते. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब येत राहते. पिशवी पुरती रिकामी होत नाही, म्हणून तासाभरात पुन्हा जावे लागते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. पाड्यावर उठायचे म्हणजे अंधारात, काठी घेऊन, विंचूकाट्यातून. एखादा बाबा पडतो आणि मांडीचे हाड मोडून बसतो. मग तो संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडतो, लग्नाला जात नाही, उपासनेला येत नाही. आपल्याला वाटते, बाबा थकले.

एक उदाहरण सांगतो. सत्तरीच्या पुढच्या एका बाबांना त्यांचा नातू घेऊन आला. तक्रार एवढीच, की कपडे सतत ओले होतात. घरच्यांनी त्यांचे अंथरूण पडवीत टाकले होते. बेंबीखाली हात लावला तर पोट घट्ट फुगलेले. आम्ही नळी घातली, तेव्हा एक लिटरहून अधिक लघवी निघाली. एरवी तीनशे-चारशे मिलिलिटर साठले की माणसाला जावेसे वाटते. बाबांची पिशवी ताणून ताणून तिची जाणीवच गेली होती. भरलेल्या हंड्यातून पाणी सांडावे तशी लघवी गळत होती. घरचे म्हणत होते, “अडली कुठे? सारखी होतेच आहे!” बंधुभगिनींनो, आजच्या भाषणातले हेच लक्षात ठेवा: सतत गळते आहे, याचा अर्थ वाट मोकळी आहे असा नाही. आतून पुरती अडलेली असू शकते. असे बरेच दिवस राहिले तर मागचा दाब मूत्रपिंडांवर येतो आणि तीही निकामी होऊ लागतात, बहुधा काही दुखल्याशिवाय.

आता उपचार. तपासणी सोपी आहे: डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात, लघवी आणि रक्त तपासतात, आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली ते सोनोग्राफीत पाहतात. मधुमेहानेही वारंवार लघवी होते, म्हणून साखर पाहायला हवी. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर चहा आणि पाणी कमी करणे, बद्धकोष्ठ टाळणे, एवढ्यानेही भागते. दिवसभराचे पाणी मात्र तोडू नये. टॅमसुलोसिनसारखी गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते. काही दिवसांत फरक कळतो. तिने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सावकाश उठावे. मोतीबिंदूच्या शिबिराला जाल तेव्हा ही गोळी घेत असल्याचे किंवा पूर्वी घेतल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. फिनास्टेराइड ही दुसरी गोळी ग्रंथी लहान करते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. गोळ्यांनी भागले नाही तर लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात. पोटावर चिरा द्यावा लागत नाही. खर्चाची भीती असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे.

दोन गोष्टींत मात्र थांबू नये. लघवी अचानक पूर्ण बंद झाली तर त्याच रात्री दवाखाना गाठावा. सर्दीच्या काही गोळ्या, दारू किंवा बद्धकोष्ठ यांनी असे एकाएकी होऊ शकते. अशा वेळी काढे पाजून, पाणी पाजून वाट पाहिली तर वेदना वाढतात. आणि लघवीत रक्त दिसले तर, ते एकदा येऊन थांबले तरी, तपासून घ्यावे.

तुमच्याकडून मी काय मागतो? पाड्यावर भेटीला जाल तेव्हा, आणि आपल्या घरीही, म्हाताऱ्या पुरुषांना तीन प्रश्न विचारा. रात्री किती वेळा उठता? धार पूर्वीसारखी आहे का? जाऊन आल्यावर मोकळे वाटते का? ते हसून टाळतील. मग आपल्या बहिणींनी आजीला विचारावे. दार रात्री किती वेळा वाजते हे तिला ठाऊक असते. उत्तरात अडचण दिसली तर “दवाखान्यात जा” एवढेच सांगून निघू नका. दिवस ठरवा, गाडीची सोय पाहा, सोबत जा. आपल्या भाऊबंदांतले जे वृद्ध हल्ली सभेला दिसत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा.