रूप पालटते, घाव उरतो
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी मंडळाच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र एका खेळाविषयी बोलणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात खिदिरपुरातील आमच्या घरी मुले टेबलाभोवती बसून फासे टाकीत होती. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेला. यात प्रत्येक पात्राचे प्राणबळ आकड्यांत मोजतात. 'ड्रुइड' नावाचा वनमांत्रिक पशुरूप घेऊ शकतो. मुलांचा वाद असा, की अस्वल झालेल्या मांत्रिकावर घाव पडला, तर तो सोसावा कोणी?

२०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे अस्वलाचे प्राणबळ निराळे. ते ३४ असेल आणि ४० चा घाव बसला, तर अस्वलरूप गळून पडते व उरलेले ६ मूळ देहाला भोगावे लागतात. २०२४ च्या नियमांत मूळ प्राणबळ तेच राहते. रूप घेताना तात्पुरते थोडे कवच तेवढे लाभते. बुद्धी आणि स्वभाव मात्र दोन्ही नियमांत मांत्रिकाचेच राहतात.

हे ऐकताना आम्हांस फाशांपायीच राज्य हरलेला, विदर्भाचा जावई नल आठवला. वनपर्वातील कथेत कर्कोटक नागाच्या दंशाने तो कुरूप बाहुक झाला. त्या विषाने नल पोळला नाही; त्याच्या अंगात शिरलेला कली पोळला. रूप हेच त्याचे कवच ठरले. अश्वविद्या आणि पाककौशल्य टिकून राहिले. कुंडिनपुरी दमयंतीने त्याच्या हातचे अन्न चाखून त्याला पारखले आणि मुलांना पोटाशी धरताच बाहुकाला रडू आवरले नाही.

आम्हीही तीस वर्षे साहेबाचे रूप धारण केले आहे. बदल्या, वरिष्ठांचे बोल, अडलेल्यांचे शिव्याशाप, हे सारे खुर्चीने झेलले, असे आम्ही मानीत आलो. गतवर्षी छातीत कळ आली, तेव्हा उमगले, की खुर्चीला न पेललेले सारे आमच्याच देहात साठत होते. त्यातील काही घरच्या माणसांवर, विनाकारण चढलेल्या आवाजातून, सांडलेही होते. त्याबद्दल आज सर्वांसमक्ष आम्ही त्यांची क्षमा मागतो.

दूरदेशी प्रत्येकाला दिवसभर कोणते ना कोणते रूप घ्यावेच लागते. त्यात कमीपणा नाही. मात्र संध्याकाळी ते उतरवून ठेवण्यास एक जागा हवी. आमच्यापुरती ती या मंडळाची सतरंजी होती. इथे कोणी आम्हांस साहेब म्हटले नाही. तरुणांनो, ही सतरंजी गुंडाळू देऊ नका, एवढेच मागणे.